माहलरची नववी, व्हिएन्ना १९३८: सत्तर मिनिटांचं एक जुनं ध्वनिमुद्रण कसं ऐकावं

मैफलींच्या कॅसेटी ऐकत वाढलेल्या माणसाला खरखरीचं भय नसतं. तंबोरे जुळताना येणारा आवाज, पहिल्या रांगेतल्या कुणाची तरी ‘वा!’, मधेच एक खोकला, कॅसेटची बाजू संपली म्हणून अर्ध्यावर तुटलेली तान, हे सगळं सोसून आपण गाणं ऐकलंय. खरं तर त्याच्यासकट ऐकलंय. म्हणून माझं मत जरा उलटं आहे. ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाफ माहलर ऐकायचा तर चकचकीत स्टुडिओ रेकॉर्डिंगनेच सुरुवात केली पाहिजे, असं काही नाही. १६ जानेवारी १९३८ या रविवारी व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइन सभागृहात कंडक्टर ब्रुनो वाल्टरने व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून माहलरची नववी सिम्फनी (सिम्फनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली अनेक भागांची मोठी रचना) सादर केली आणि ती श्रोत्यांच्या उपस्थितीतच तबकड्यांवर उतरवली गेली. या सिम्फनीचं ते पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण. मोनो म्हणजे एकाच वाहिनीचं, खरखरणारं, खोकल्यांनी भरलेलं. तेच घ्या.

साल आणि शहर वाचून काहींच्या मनात पुढची गोष्ट सुरूही झाली असेल. तिला जरा दाराबाहेर थांबवा. तिची जागा या लेखात आहे, पण बरीच खाली. हे ध्वनिमुद्रण इतक्या वेळा ‘इतिहासाचा दस्तऐवज’ म्हणून वाखाणलं गेलंय की ते आधी संगीत आहे हे विसरायला होतं. मीही तसाच आधी इतिहास वाचून मग ऐकायला बसलो होतो, आणि पहिल्या चार वेळा मला वाद्यांऐवजी फक्त सैनिकी बुटांचे आवाज ऐकू आले. ते बूट त्या तबकड्यांवर नाहीत.

कृतीबद्दल जेवढं हाताशी हवं तेवढं सांगतो. गुस्टाफ माहलरने ही सिम्फनी मुख्यतः १९०९च्या उन्हाळ्यात टोब्लाखजवळ लिहिली. ते गाव तेव्हा ऑस्ट्रियात होतं, आता इटलीत आहे. १८ मे १९११ला तो गेला, त्यामुळे ती त्याच्या स्वतःच्या कानावर कधी पडलीच नाही. २६ जून १९१२ला व्हिएन्नात तिचा पहिला प्रयोग झाला. कंडक्टर वाल्टर, ऑर्केस्ट्रा व्हिएन्ना फिलहार्मोनिक. म्हणजे १९३८ला तोच माणूस त्याच ऑर्केस्ट्रासमोर साडेपंचवीस वर्षांनी तेच पुन्हा करत होता. वाल्टरने तरुणपणी हाम्बुर्ग आणि व्हिएन्ना इथे माहलरच्या हाताखाली काम केलेलं. घराण्याच्या भाषेत सांगायचं तर समोर बसून घेतलेली तालीम.

आधी नेमकं ध्वनिमुद्रण मिळवा

इथेच पहिली चूक होते. वाल्टरच्या दोन नवव्या आहेत. दुसरी १९६१ची, अमेरिकेत कोलंबिया सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर स्टुडिओत केलेली, स्टिरिओ, स्वच्छ आणि बरीच संथ. शोधायला गेलात की अ‍ॅप बहुतेक वेळा तीच पुढे करतं. कव्हरवर ‘व्हिएन्ना’ आणि ‘१९३८’ दोन्ही दिसल्याशिवाय प्ले दाबू नका. एकूण वेळही बघा. सत्तर मिनिटांच्या आसपास असेल तर १९३८ची, ऐंशीच्या आसपास असेल तर १९६१ची.

दुसरी गोष्ट म्हणजे तबकडीवरून नव्या माध्यमात आणलेल्या प्रती. ईएमआय, डटन, नॅक्सॉस अशा अनेक कंपन्यांनी हे मुद्रण पुन्हा काढलंय, आणि मूळ एकच असूनही प्रत्येकाचा आवाज निराळा आहे. मूळ माल म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा तबकड्या, वीस बाजू. एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावतात. वाजवणारे तर थांबणार नाहीत, म्हणून एका यंत्राची तबकडी भरत आली की दुसरं यंत्र सुरू करायचं, अशी आळीपाळी. ते सांधे नंतरच्या तंत्रज्ञांनी जोडले. ज्याचा कान चांगला त्याचा सांधा कळत नाही.

प्रत निवडायची माझी कसोटी सोपी आहे. शेवटच्या भागाची पहिली दोन मिनिटं वेगवेगळ्या प्रतींतून ऐका. खरखर अजिबात नाही आणि व्हायोलिनं मात्र उशीखालून आल्यासारखी वाटतात, अशी प्रत सोडून द्या. खरखर खरवडताना तंतुवाद्यांचा वरचा, धारदार भागही निघून जातो. मी पहिल्यांदा पैसे मोजून घेतलेली सीडी नेमकी तसलीच निघाली, आणि वर्षभर माझी समजूत होती की व्हिएन्नाची व्हायोलिनं अशीच मऊ, लोण्यासारखी असतात. मग एका मित्राकडे खरखरीची प्रत ऐकली आणि खजील झालो. खरखर राहू द्या. पंधरा मिनिटांत कान तिला बाजूला सारतो, पावसाच्या आवाजाला सारतो तसा.

जाता जाता एक गंमत. त्या तबकड्या ज्या मिश्रणाच्या बनत त्यात लाख असे, आणि जगातली बरीचशी लाख तेव्हा हिंदुस्थानातून जाई. मुद्रणाची व्यवस्था पाहणारा फ्रेड गाइझबर्गही आपल्याला अगदीच परका नाही. १९०२ साली कलकत्त्याला येऊन गौहर जानचं गाणं पहिल्यांदा तबकडीवर उतरवणारा तो हाच.

वेळ, जागा, आवाज

आपल्या घरांत या संगीताचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे डोक्यावरचा पंखा. शेवटचं पान इतकं हळू आहे की दोन नंबरवरचा पंखाही ते गिळून टाकतो. म्हणून थंडीचे दिवस, पहाटे पाच किंवा रात्री अकरानंतर. कुकर, दूधवाला, वरच्या मजल्यावरचा मिक्सर यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही, त्यांच्या वेळा टाळाव्यात.

आवाजाची पातळी सुरुवात ऐकून ठरवू नका. सुरुवात कुजबुजीची आहे, तिथे मोह होऊन आवाज वाढवला की सात-आठ मिनिटांनी शेजारी दार वाजवतील. पहिल्या भागाच्या मध्यावर कुठेतरी उडी मारा, पितळी वाद्यांचा मोठा कल्लोळ सापडला की तो जरा जास्तच वाटेल इतका ठेवा, मग मागे जाऊन सुरुवातीपासून लावा. आणि पुढे हात लावू नका. अ‍ॅपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज आपोआप एकसारखा करणारी सोय असते, ती बंद करा. लहान-मोठ्यातला फरक हाच इथला मजकूर आहे.

हेडफोन की स्पीकर? स्टिरिओ असतं तर मी वाद घातला असता. मोनो मुद्रणाला हेडफोनमध्ये सगळा ऑर्केस्ट्रा डोक्याच्या मधोमध कोंबल्यासारखा होतो. एक साधा, बऱ्यापैकी स्पीकर, सहा-सात फुटांवर, समोर. बस्स.

पहिले तीन दिवस फक्त शेवटचा भाग

सिम्फनीचे भाग चार. पहिला आणि चौथा संथ, मधले दोन नाचाचे आणि धावपळीचे. मी चौथ्यापासून सुरू करायला सांगतो, यावर जाणकार नाराज होतील, होवोत. हा भाग जवळजवळ पूर्णपणे तंतुवाद्यांचा आहे, वाल्टरच्या हातात तो अठरा मिनिटांच्या आसपास संपतो, आणि आपल्या कानाला पकडायला त्यात एक खुंटी आहे.

ती खुंटी म्हणजे एक छोटी मुरकी. ‘सा रे सा नि सा’ असा एक वेढा घालून सूर परत जागेवर येतो. पाश्चात्त्य संगीतात हा अलंकार शतकानुशतकं आहे, बहुतेक वेळा शोभेपुरता. माहलर तो उचलतो आणि हा अख्खा चौथा भाग त्याच्यातूनच उभा करतो. सुरुवातीला फक्त व्हायोलिनं, बाकी कुणी नाही, मोठ्या आवाजात एक लांब ओळ म्हणतात. त्यातच ही मुरकी आहे. लगेच सगळा तंतुवाद्यमेळा खाली येऊन बसतो, भरदार, प्रार्थनेसारखा. आता तुमचं काम एवढंच: ती मुरकी कुठे कुठे येते ते बोटांवर मोजा. वरच्या ओळीत येते, मधल्या ओळींत येते, तळाशी चेलोंमध्ये येते, कधी जलद, कधी इतकी संथ की मुरकी न वाटता चार-पाच सुरांचा स्वतंत्र आलाप वाटावा. दहाच्या पुढे मोजणं हुकेल. हुकू द्या, तोवर कान कामाला लागलेला असतो.

दुसऱ्या दिवशी सुरांच्या मधल्या जागा ऐका. १९३८च्या या वादकांच्या बोटांत मींड आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाणं तेव्हा व्हिएन्नात शिष्टसंमत होतं, पुढच्या पिढ्यांनी ते बाळबोध ठरवून टाकलं. आजचा कुठलाही नामवंत ऑर्केस्ट्रा हीच ओळ वाजवतो तेव्हा सूर एकेक मण्यासारखे वेगळे असतात. इथे धागा दिसतो. पाश्चात्त्य संगीत ‘सुटं’ वाटतं अशी तक्रार करणाऱ्या आमच्या एका काकांना मी मुद्दाम हे ऐकवलं होतं. ते एवढंच म्हणाले, “हं, हे ठीक आहे.” त्यांच्याकडून ही मोठी दाद.

या दाट प्रार्थनेच्या मधे दोनदा सगळं उघडं पडतं. पहिल्यांदा खूप खाली एक जाडजूड बासून (खर्जातलं फुंकीचं वाद्य) आणि खूप वर व्हायोलिनं, मधे काहीच नाही. दुसऱ्यांदा हार्पच्या दोन-दोन सुरांच्या झोक्यावर फुंकीची वाद्यं, अगदी निर्विकार. या ओसाड जागा आल्या की घड्याळ बघू नका, पुढे मोठा चढ आहे. चढाच्या टोकाला सगळा ऑर्केस्ट्रा एकदम गळून पडतो आणि व्हायोलिनं एकटीच उंचावर लटकलेली राहतात.

तिसऱ्या दिवशी फक्त शेवटचं पान. स्वरलिपीत ते अखेरचे २७ बार, म्हणजे तालाचे खंड, आहेत, पण वेळेत चार-पाच मिनिटं जातात. फक्त तंतुवाद्यं, तीही आवाज दाबणारी चिमटी लावून. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनांचे दोन गट असतात, पहिली आणि दुसरी; त्यातल्या पहिल्या व्हायोलिनांत माहलरच्याच एका जुन्या गाण्याचा तुकडा येतो. दगावलेल्या मुलांवरच्या कविता त्याने गाण्यांत बांधल्या होत्या, त्यांतल्या चौथ्या गाण्याची शेवटची ओळ: ती पोरं नुसती फिरायला बाहेर गेली आहेत, तिथे उंचावर ऊन पडलंय, दिवस सुंदर आहे. ती गाणी त्याने १९०४पर्यंत लिहून संपवली होती आणि १९०७ला त्याची स्वतःची थोरली मुलगी गेली. व्हायोलिनांत अर्थातच शब्द नाहीत. त्यानंतर सूर एकेक करून सुटत जातात, आणि शेवटची मुरकी व्हायोलांकडे (व्हायोलिनहून जरा मोठी, खालच्या सुराची वाद्यं) येते. स्वरलिपीवर शेवटची सूचना एका शब्दाची आहे, तिचा अर्थ ‘विझत जाणारं’.

१९३८च्या तबकड्यांवर या जागी एक विचित्र गोष्ट होते. संगीत खरखरीइतकंच हळू होतं, मग खरखरीपेक्षाही हळू. कुठला आवाज वाद्याचा आणि कुठला लाखेचा हे सांगता येत नाही. आधुनिक मुद्रणात इथे शांतता ऐकू येते. मला आता ही खरखरच जवळची वाटते, पण हे माझं वेड आहे, तुम्ही मानायलाच पाहिजे असं नाही.

मग पहिला भाग: ‘ग रे’ आणि न येणारा सा

हा पंचवीसेक मिनिटांचा. सिम्फनीतला सगळ्यात अवघड आणि माझ्या मते माहलरने लिहिलेला सगळ्यात थोर भाग. दोन-तीनदा ऐकल्याशिवाय त्याचा नकाशा हाती येत नाही, म्हणून खाणाखुणा सांगतो.

सुरुवात पंचमावर. चेलो आणि एक हॉर्न (वेटोळं घातलेलं पितळी वाद्य) एकच सूर आळीपाळीने, अडखळत टाकतात, एखादा माणूस जिन्यात थांबत थांबत चढतोय तसा. अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइनने या लयीत माहलरच्या बिघडलेल्या हृदयाचे ठोके ऐकले, आणि ते इतकं लोकप्रिय झालं की आता प्रत्येक माहितीपत्रकात असतं. माझा त्याला विरोध नाही, पण ती लय पुढे काय करते हे त्यापेक्षा महत्त्वाचं. ती ओळखून ठेवा. मग हार्पचे घंटेसारखे चार सूर, दबलेला हॉर्न, व्हायोलांची पानांसारखी सळसळ. ऑर्केस्ट्रा जणू वाद्यं जुळवतोय.

आणि मग दुसरी व्हायोलिनं गाऊ लागतात. पहिली नाही, दुसरी. दोनच सूर: ग… रे. थांबतात. पुन्हा ग… रे. षड्जावर येणं इतकं स्वाभाविक असताना ओळ तिथे येत नाही. बीथोवनच्या ‘निरोप’ या पियानो सोनाटाची सुरुवातही अशीच खाली उतरणाऱ्या सुरांनी होते, त्यामुळे या ‘ग रे’त ‘येतो आता’ ऐकणारे पुष्कळ आहेत. तुम्ही फक्त त्या सा-ची वाट बघत राहा. हीच या भागाची दोरी.

पंचवीस मिनिटांत हे गाणं पुन्हा पुन्हा उभं राहतं, दर वेळी जरा जास्त अलंकारलेलं, आणि दर वेळी काहीतरी ते पाडतं. सगळ्यात मोठी पडझड भागाच्या उत्तरार्धात आहे. चढ अगदी शिगेला पोचतो आणि तिथे ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं ती सुरुवातीची अडखळती लय छाती फुटेल अशा जोराने आदळतात. माहलरने तिथे ‘सर्वाधिक बळाने’ असं लिहून ठेवलंय. जिन्यातली पावलं दारावरच्या धक्क्यांसारखी परत आली. १९३८च्या यंत्राला हा आवाज झेपलेला नाही, तो थोडा फाटतो. त्यानंतर दूरच्या प्रेतयात्रेसारखं काहीतरी सरकतं, आणि त्यात खोल घंटा.

तिथून पुढे सगळं विरळ होत जातं. बासरी आणि हॉर्न यांचा एक विलक्षण संवाद आहे, कुणाला घाई नाही, तालही जणू सुटलाय. अगदी शेवटी ओबो, सनईच्या जातीचं वाद्य, पुन्हा ‘ग रे’ म्हणतो आणि रे धरून ठेवतो. आणि सा येतो! पण ओबोकडे नाही. तो कुठल्या कुठे वर, चेलोच्या तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या बारीक सुरात आणि पिकोलोत, म्हणजे छोट्या बासरीत, येतो, एखादी काच किणकिणावी तसा. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री साडेअकराला उठून दिवा लावला होता.

स्वरलिपी वाचता येत असेल तर छापील प्रत आंतरजालावर मोफत मिळते, हक्क केव्हाच संपलेत. वाचता येत नसेल तरी शेवटचं पान उघडून बघाच. कागद किती पांढरा आहे ते कळतं.

मधले दोन भाग

यांना फार वेळ देत नाही. दुसरा भाग म्हणजे लेंडलर, ऑस्ट्रियन खेड्यांतला तीन मात्रांचा नाच. ‘जरा बोजड आणि फार रांगडं’ अशी माहलरची सूचना. तीन प्रकारचे नाच एकमेकांना ढकलत येतात: एक गावठी, एक शहरी वॉल्ट्झ जो हाताबाहेर जातो, आणि एक अगदी संथ. या ऑर्केस्ट्राच्या पायात तो ठेका जन्मजात आहे, ते ऐकताना कळतं.

तिसरा भाग भरधाव आणि खवचट. वाल्टर तो अकरा-साडेअकरा मिनिटांत मारतो आणि त्या वेगात वादक दोन-चार ठिकाणी एकमेकांपासून सुटतात. स्टुडिओत असतं तर ‘पुन्हा घेऊ’ म्हटलं असतं. इथे तशी सोय नाही, त्यामुळे ते कसे परत एकत्र येतात हेही ऐकायला मिळतं, मला ते बिनचूक वाजवण्याइतकंच आवडतं. या गदारोळात साधारण मध्यावर अचानक सगळं निवतं आणि ट्रम्पेट एक शांत ओळ म्हणतो. कान टवकारा: तीच मुरकी! शेवटचा भाग इथे पहिल्यांदा दारातून डोकावतो. लगेच क्लॅरिनेट तिची वेडावून नक्कल करतं. चौथा भाग आधी ऐकायला मी का सांगितलं ते या क्षणी कळेल. ओळखीचा माणूस भलत्याच गर्दीत दिसावा तसं होतं.

आता सलग

आठवडाभराने एकदा सगळं एका बैठकीत. फोन दुसऱ्या खोलीत. दोन भागांमधे उठू नका, चहा आधीच घ्या. एक गोष्ट अशी बैठक केल्यावरच जाणवते: आरंभीचा षड्ज डी आहे आणि शेवटचा भाग डी-फ्लॅटमध्ये, म्हणजे अर्धा सूर खाली. आपल्याकडे मैफलीत सा हलत नाही, तंबोरा साक्षीला असतो, म्हणून आपल्याला हे जास्त लागायला हवं. सत्तर मिनिटांत जमीनच थोडी खचलेली असते.

आणि या वेळी खोकले टाळू नका, मोजा. जानेवारीचं व्हिएन्ना, सर्दी असणारच. ते कुठल्या जागी खोकतात, कुठल्या जागी नाही, यावरून श्रोते कधी खिळून राहिले होते याचा अंदाज येतो.

दाराबाहेर थांबवलेली गोष्ट

हे सगळं करून झालं असेल तरच पुढे वाचा.

त्या रविवारनंतर आठ आठवडेही पुरते झाले नव्हते तेव्हा, १२ मार्च १९३८ला, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. वाल्टर ज्यू होता. १९३३ला जर्मनीतून बाहेर पडावं लागल्यावर त्याने व्हिएन्ना हे घर केलेलं, आता तेही गेलं. त्या वेळी तो देशाबाहेर होता, पुढे अमेरिकेत गेला. माहलरही जन्माने ज्यू, त्याचं संगीत नाझींच्या राज्यात वर्ज्य झालं.

व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवर आर्नोल्ड रोझे होता, वय ७४. १८८१पासून तो या वादकांचा म्होरक्या, आणि माहलरचा मेहुणा: माहलरची बहीण युस्टिने त्याची बायको. १९३८मध्येच त्याला बाहेर काढण्यात आलं. बायको त्याच वर्षी वारली, तो लंडनला गेला आणि १९४६ला तिथेच संपला. त्याची व्हायोलिन वाजवणारी मुलगी आल्मा हिला आउशविट्झमध्ये कैदी बायकांच्या वाद्यवृंदाचं नेतृत्व करावं लागलं, १९४४ला ती तिथेच गेली. फिलहार्मोनिकचे सात सदस्य छळछावण्यांत मारले गेले किंवा छळामुळे दगावले.

हे कळल्यावर पुन्हा ऐका. आणि प्रामाणिकपणे स्वतःला विचारा की आता जे ऐकू येतंय त्यातलं वादकांचं किती आणि तुमचं किती. त्या दिवशी समोर बसलेल्यांना मार्च माहीत नव्हता. भीती असेल, तिकडे हवाच तशी होती. पण मला शेवटच्या भागात निरोपापेक्षा घाईच जास्त ऐकू येते, पुढे नेण्याची ओढ. वाल्टर रेंगाळत नाही. इतिहास आधी वाचणाऱ्याला ही घाई ‘काळाची चाहूल’ वाटते, मला ती ६१ वर्षांच्या एका ताठ माणसाची लय वाटते.

तुलना

याला आधार हवा असेल तर १९६१ची वाल्टरची नववी आता लावा. आता तो ८४ वर्षांचा. तोच शेवटचा भाग साधारण २१ मिनिटं घेतो. त्यानंतर साधारण वर्षभराने तो वारला. वय, ऑर्केस्ट्रा, स्टुडिओ, माइक, यांतल्या कशाने ही तीन मिनिटं वाढवली ते ठरवत बसायला हरकत नाही. मग बर्नस्टाइन. १९७९च्या ऑक्टोबरात तो बर्लिन फिलहार्मोनिकसमोर फक्त दोन दिवस उभा राहिला, आयुष्यात तेवढंच. ते मुद्रण तो गेल्यावर, १९९२ला बाहेर आलं. तिथे शेवटचा भाग २६ मिनिटांच्या आसपास, कंडक्टरचे हुंकार आणि पाय आपटणं स्पष्ट ऐकू येतं, आणि शेवटच्या भागाच्या ऐन शिखरावर ट्रॉम्बोन वाजतच नाहीत! त्यावर अनेक दंतकथा आहेत. दंतकथा राहू द्या, ती रिकामी जागा ऐका. वर सांगितलेला चढ तुमच्या डोक्यात पक्का असेल तर ती पायरी चुकल्यासारखी लागते. १९८५च्या ॲम्स्टरडॅमच्या मुद्रणात हाच बर्नस्टाइन अर्ध्या तासाच्या जवळ जातो. मला तो तिथे सोसवत नाही. रडणाऱ्याने मधूनमधून श्वास तरी घ्यावा.

कव्हरवरच्या ‘लाइव्ह’ या शब्दाला फार भुलू नका. आज तो बहुतेक वेळा दोन-तीन प्रयोगांतले चांगले तुकडे जोडून, वर रिकाम्या सभागृहात केलेल्या दुरुस्त्या चिकटवून बनलेला असतो.

व्हिडिओच हवा असेल तर कंडक्टर क्लाउडिओ अबाडोचा स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नचा २०१०चा प्रयोग बघा. तिथे शेवटचा सूर विरल्यावर दोन मिनिटांच्या आसपास कुणी टाळी वाजवत नाही.

घरी हीच सोय करायची तर सुरू करण्याआधी अ‍ॅपमधलं ऑटोप्ले बंद करा. मी एकदा विसरलो होतो. व्हायोलांची ती शेवटची मुरकी, मग खरखर, मग तीही थांबली, आणि तीन सेकंदांत एका थंडगार पेयाची जाहिरात.